गळतीचा उगम : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील मोटारविद्येचा एक इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडावयाचा म्हटले की राजघराणी, लढाया, किल्ले आणि चळवळी यांच्याकडे आपली दृष्टी सहज वळते. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे त्या दृष्टीने संपन्नच आहेत. कल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले, त्याची राजधानी प्रथम गुलबर्ग्यास आणि पुढे बीदरला नांदली. महमूद गावानचा मदरसा आजही बीदरमध्ये उभा आहे. या साऱ्यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आज मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे, तो मात्र ग्रंथालयात सापडत नाही. तो रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली, तेलाने काळ्या झालेल्या मातीत सापडतो. मोटारीच्या इंजिनातून तेल का गळते, ती गळती कशी शोधावी व कशी थांबवावी, आणि ही विद्या आपल्या भागात कोणत्या वाटेने आली, हा तो विषय होय.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणास वाटेल. परंतु मदरसा बांधविणाऱ्या वजिराचे नाव आपण परीक्षेत लिहितो आणि त्याच्या भिंतींवरील निळ्या फरश्या भाजणाऱ्या हातांविषयी आपणांस एकही प्रश्न विचारला जात नाही. इतिहासलेखनातील हा जुना पक्षपात आहे. मोटारीच्या बाबतीतही तो चालू राहिला. मोटार कोणी आणली याची नोंद होते. ती चालू कोणी ठेवली याची होत नाही. वास्तविक गेली नव्वदांहून अधिक वर्षे हा प्रदेश एकमेकांशी जोडलेला राहिला, तो या दुसऱ्या माणसांच्या बळावर.

रस्ता आणि मोटार

रेल्वेचा नकाशा समोर ठेवला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि मद्रासहून आलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपाशी एकमेकांस मिळाले. गुलबर्गा त्या मार्गावर आहे. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबाद-सिकंदराबादकडे निजामाची रेल्वे सुरू झाली. बीदरला रेल्वे आली ती विकाराबादच्या बाजूने, आणि पुढे तो मार्ग परळीकडे गेला. परंतु बीदर आणि गुलबर्गा ही दोन शेजारची जिल्ह्याची ठिकाणे एकमेकांस थेट लोहमार्गाने जोडली गेली नाहीत. सुमारे ११० किलोमीटरचा तो मार्ग पूर्ण होऊन त्याचे उद्घाटन झाले २९ ऑक्टोबर २०१७ रोजी. म्हणजे गुलबर्ग्यास पहिली आगगाडी आल्यानंतर जवळजवळ दीड शतक या दोन गावांतील व्यवहार प्रथम बैलगाडीने आणि नंतर मोटारीने चालला. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद येथील माणूस बाजाराला, कचेरीला, दवाखान्याला किंवा कॉलेजला गेला, तो बहुधा रस्त्यानेच गेला.

हैदराबाद संस्थानात सरकारी प्रवासी मोटारसेवेचा आरंभ जून १९३२ मध्ये झाला. निजामाच्या रेल्वेचाच एक विभाग म्हणून हे रस्तावाहतूक खाते उघडण्यात आले. आरंभी त्याच्याकडे २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील अल्बियन कंपनीच्या गाड्या या ताफ्यात होत्या. त्या काळातील एक तांबडी अल्बियन बस हैदराबादेत जतन करून ठेवलेली आहे. रेल्वेने मोटारी चालवाव्यात या योजनेचा एक परिणाम असा झाला की, रेल्वेच्या कारखान्यातील शिस्त मोटारीस लागली. ठराविक मैलांनंतर गाडी आत घ्यावयाची, तेल बदलावयाचे, तपासणीची नोंद करावयाची, ही पद्धत खाजगी धंद्यात त्या काळी सर्वत्र नव्हती.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. बीदर जिल्ह्याचेही तुकडे पडले. जी वाहतूक एका छत्राखाली होती, ती तीन राज्यांच्या कारभारात विभागली गेली. आपल्या बाजूची सेवा पुढे म्हैसूरच्या, म्हणजे नंतरच्या कर्नाटकाच्या, परिवहन महामंडळाकडे राहिली; २००० मध्ये तिच्यासाठी कलबुर्गी येथे मुख्यालय असलेले स्वतंत्र ईशान्य महामंडळ झाले आणि २०२१ मध्ये त्यास कल्याण कर्नाटक हे नाव मिळाले. फलक बदलले, फलकांवरची लिपी बदलली. गाडीखाली सरपटत जाणाऱ्या माणसाचे काम मात्र बदलले नाही.

या माणसांची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. आपल्या गॅरेजांत ‘उस्ताद’ हा शब्द फारसीतून आला, ‘मिस्त्री’, ‘चावी’ आणि तेलाचे ‘पिंप’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, ‘पॅकिंग’, ‘सील’, ‘चेंबर’ हे इंग्रजांकडून. तेलाला मराठीत आणि दखनीत तेल म्हणतात, कन्नडमध्ये एण्णे. एकाच गाडीखाली या चारपाच भाषा सुखाने नांदतात. सीमाप्रश्नाची चर्चा करणाऱ्यांनी हे दृश्य अवश्य पाहावे. त्याने प्रश्न सुटणार नाही, पण बोलण्याचा स्वर कदाचित सुधारेल.

तेल का गळते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंजिनात तेल असते ते घर्षण कमी करण्यासाठी, उष्णता वाहून नेण्यासाठी आणि आतील काजळी व धातूचा कीस धुऊन काढण्यासाठी. तळाशी तेलाचे चेंबर असते. पंप तेथून तेल उचलून दाबाने बेअरिंगपर्यंत पोचवितो, आणि काम झाल्यावर ते गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खाली येते. मात्र इंजिन एकसंध नसते. हेड, टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, चेंबर असे अनेक भाग बोल्टने एकमेकांस जोडलेले असतात, आणि दोन्ही टोकांस फिरता दंड भिंतीतून बाहेर पडतो. जेथे दोन भाग जुळतात तेथे पॅकिंग हवे. जेथे दंड फिरतो तेथे सील हवे. गळती या दोन जागांपैकी एकीत, नाही तर एखाद्या सैल नटात, तडकलेल्या नळीत किंवा क्वचित धातूच्या भेगेत असते.

तिसरे एक कारण डोळ्यांस दिसत नाही. पिस्टनच्या रिंगांजवळून जळलेल्या वायूंचा थोडा अंश नेहमीच खाली उतरतो. त्यास बाहेर पडण्यासाठी ब्रीदरची वाट ठेवलेली असते. रिंगा झिजल्या म्हणजे हा वायू वाढतो. ब्रीदरची नळी काजळीने व धुळीने बुजली म्हणजे त्याची वाट बंद होते. मग आतील दाब तेलास जेथे सापडेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो. अशा इंजिनास कितीही उत्तम नवे सील बसवा, ते टिकत नाही. सील बदलणारा थकतो, मालक त्यास दोष देतो, आणि खरे कारण वरच्या बाजूस निवांत राहते.

आपल्या भूमीचेही यात काही देणे आहे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे आणि त्याची तांबडी धूळ अतिशय बारीक असते. भालकी-औरादकडे काळी माती आहे. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. उष्णतेने तेल पातळ होते आणि हिवाळ्यात जो सांधा केवळ ओलसर दिसे, तो वैशाखात ठिबकू लागतो. त्या ओलीवर धूळ बसून जाड खपली धरते. खपलीमुळे इंजिनाची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो, आणि मुख्य म्हणजे गळतीची मूळ जागा झाकली जाते.

चामड्यापासून रबरापर्यंत

गळती रोखण्याचा जागतिक इतिहास मोठा उद्बोधक आहे. अगदी आरंभीच्या अनेक इंजिनांत तेल परत गोळा करण्याचा विचारच नव्हता. वरून थेंब थेंब सोडावयाचे आणि वापरून झाले की ते रस्त्यावर पडू द्यावयाचे. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीत फिरत्या चाकाने तेल उडवून सर्वत्र पोचविले जाई. पुढे दाबाने तेल खेळविण्याची पद्धत रूढ झाली, वेग वाढला, आणि मग ते तेल आत डांबून ठेवणे ही अभियंत्यांची डोकेदुखी झाली. बूच, कागद, नमदा, ॲसबेस्टॉसची दोरी, तांब्याची वायसर, सारे उपाय झाले.

फिरत्या दंडाचे सील प्रथम चामड्याचे होते, हे ऐकून आजच्या विद्यार्थ्यास नवल वाटेल. जर्मनीतील वाइनहाइम येथे फ्रॉइडेनबर्ग ही १८४९ पासूनची कातडी कमावणारी पेढी होती. १९२९ च्या आर्थिक मंदीत तिने मोटारींसाठी चामड्याची सीले करण्याचे काम हाती घेतले. व्हाल्टर सिमर यांच्या नावावरून ‘सिमररिंग’ म्हणून ओळखले जाणारे, धातूच्या कड्यात बसविलेले सील तेथेच घडले, आणि १९३६ मध्ये चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. नील्स क्रिस्टेन्सेन या डेन्मार्कहून अमेरिकेस गेलेल्या अभियंत्यास १९३९ मध्ये रबराच्या साध्या गोल कड्यासाठी पेटंट मिळाले. आज ‘ओ-रिंग’ म्हणून ते घरच्या नळापासून विमानापर्यंत सर्वत्र आहे.

म्हणजे यंत्रयुगातील हा नाजूक भाग एका चर्मालयातून आला. बसवकल्याणच्या आसपास राहणाऱ्यांनी या गोष्टीचे फार नवल करू नये. बाराव्या शतकात याच नगरीत बसवेश्वरांच्या शरणमंडळात हरळय्या नावाचे चर्मकार मानाने बसले होते. हातांनी केलेले प्रामाणिक काम हीच पूजा, हा कायकाचा विचार येथे उच्चारला गेला. आज त्याच बसवकल्याणच्या ऑटोनगरात मालमोटारींची इंजिने उघडली जातात आणि जोडली जातात. पुणे-हैदराबाद महामार्ग, जो पूर्वी नऊ क्रमांकाचा होता व आता पासष्ट क्रमांकाचा आहे, याच तालुक्यातून हुमनाबादकडे जातो. या दोन गोष्टींचा थेट वंश जोडणे इतिहासाला धरून होणार नाही. पण कामाची प्रतिष्ठा हा जो विचार आपण उत्सवात उच्चारतो, त्याची परीक्षा ऑटोनगरातच होते, एवढे म्हणता येईल.

मराठी मुलखाचा वाटाही येथे नोंदविला पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. शेतकऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन आले, तेव्हा खेड्यातील लोहाराच्या आणि सुताराच्या मुलांस इंजिन उघडून पाहण्याची संधी घराजवळ मिळाली. मोटारीची विद्या एकट्या शहरातून आली नाही. ती विहिरीच्या काठावरूनही आली.

शोधाची रीत

स्वातंत्र्यानंतर या भागातील टॅक्सीचा आणि सरकारी कचेरीचा चेहरा म्हणजे ॲम्बॅसॅडर. हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ च्या सुमारास बाजारात आणली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मूळ ब्रिटिश घडणीचे होते, आणि गळतीचे शास्त्र शिकावयास त्याहून चांगला गुरू मिळणे कठीण. वर टॅपेट कव्हरला बुचाचे पॅकिंग, बाजूस मॅनिफोल्डमागे दडलेल्या दोन पत्र्याच्या प्लेटा, पुढे टायमिंग कव्हर, खाली चेंबर. आणि मागे क्रँकच्या टोकाशी तर ओठाचे सील नव्हतेच. दंडावर उलट्या आट्यांची खाच कोरलेली असे. दंड फिरत असताना हे आटे तेलास आत ढकलीत. गाडी चढावर उभी केली, इंजिन थांबले, की आटे काम करीत नसत आणि एखादा थेंब मागे उतरे. हा बिघाड नव्हता. ती त्या रचनेची मर्यादा होती. कोणती गळती दुरुस्त करावयाची आणि कोणती समजून घ्यावयाची, हे ओळखणे हा कारागिरीचा पहिला धडा या इंजिनाने दिला.

जाणता मिस्त्री गळती कशी शोधतो, ते क्रमाने पाहू. प्रथम तो डाग पाहतो आणि हा पदार्थ कोणता हे ठरवितो. वापरलेले इंजिनचे तेल काळसर असते. गिअरचे तेल दाट असते व त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचे द्रव पातळ असते व रंग उडविते. मागील बाजूने पडणारा थेंब इंजिनचा की गिअरबॉक्सचा, हे न ठरविता इंजिन उतरविणारा माणूस मालकाचे पैसे आणि आपले दोन दिवस वाया घालवितो.

दुसरी पायरी स्वच्छतेची. रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश घेऊन सारी खपली काढावयाची व इंजिन कोरडे करावयाचे. तेलाने माखलेल्या इंजिनाकडे तासभर पाहत बसले तरी काही कळत नाही. तिसरी पायरी शाळेतील माणसास विशेष आवडेल. संशयित जागांवर खडूची बारीक पूड शिंपडतात, इंजिन गरम होईपर्यंत चालवितात, आणि मग बॅटरीचा उजेड टाकून पाहतात. पांढऱ्या पुडीवर तेलाची काळी रेघ उमटते, आणि ती रेघ वर वर पाहत गेले की उगम सापडतो. आता तेलात चमकणारा रंग मिसळून जांभळ्या दिव्याच्या प्रकाशात पाहण्याची सोय झाली आहे; तत्त्व मात्र खडूचेच आहे.

चौथी पायरी विचाराची आहे. तेल खाली वाहते, आणि पंख्याच्या व चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते. म्हणून थेंब जेथे पडतो तेथे दोष बहुधा नसतो. तो त्याच्या वर आणि पुढे असतो. चेंबरच्या कडेवरून टपकणारे तेल टॅपेट कव्हरमधून निघालेले असू शकते. खालचे पॅकिंग बदलून वरची गळती थांबत नाही. म्हणून नियम असा की, सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची ओली जागा आधी पाहावी. आणि पाचवी पायरी दाबाची. इंजिन संथ चालू ठेवून तेलाचे झाकण काढावयाचे. धुराचे जोरदार फुत्कार आले की ब्रीदर साफ करावयाचा, रिंगांची तपासणी करावयाची, आणि त्यानंतरच सीलला हात लावावयाचा.

गळतीचे मोजमापही शिकण्याजोगे आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर मिनिटास एक थेंब म्हणजे दिवसास १४४० थेंब, अर्थात सुमारे ७२ मिलिलिटर. चार आठवड्यांत दोन लिटर. क्षुल्लक दिसणारा थेंब महिन्याभरात अर्धे चेंबर रिकामे करू शकतो. तेल घटले आणि चालकाने मापाची पट्टी पाहिली नाही, तर बेअरिंग जळते. चार आण्यांच्या बुचासाठी संपूर्ण इंजिन खोलण्याची वेळ येते.

उपायांतही कौशल्य आहे. बाजारात तयार पॅकिंग मिळत नसे, तेव्हा जाड कागद सांध्यावर धरून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकीत त्याच आकाराचे पॅकिंग कापून काढीत. वाळून आखडलेले बूच पाण्यात भिजवून पूर्ववत करीत. ड्रेन नटाची तांब्याची वायसर दाबून कठीण झाली, तर ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवीत. तांबे पुन्हा मऊ होते व वायसर पुन्हा वापरता येते. गळती दिसली की बोल्ट आवळावयाचा, ही नवशिक्याची प्रवृत्ती. जास्त आवळल्याने पत्र्याची कड बोल्टापाशी वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. म्हणून कड लाकडावर ठेवून ठोकून सरळ करावी, आणि बोल्ट मध्यापासून बाहेर, दोनतीन फेऱ्यांत, सारख्या जोराने आवळावेत. सील बसविताना ओठ तेलाच्या बाजूस ठेवावा व त्यास तेलाचे बोट लावावे. कोरडे सील पहिल्या काही फेऱ्यांतच करपते. दंडावर जुन्या सीलने खाच पाडली असेल, तर नवे सील किंचित पुढेमागे बसवावे. हे सारे ज्ञान पुस्तकातही आहे. पण आपल्याकडे ते पुस्तकातून आले नाही. ते पाहून, मार खाऊन आणि हात भाजून आले.

१९८३ च्या अखेरीस मारुतीची छोटी मोटार रस्त्यावर आली, आणि तिच्या पाठोपाठ अधिक अचूक घडणीची, उत्तम रबराची, नळीतून पिळून लावावयाच्या सिलिकोनची इंजिने आली. गळती कमी झाली. आता विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाचे तेलच नाही. एक विद्या आपल्या डोळ्यांदेखत मावळत आहे, आणि तिची नोंद ठेवण्यास उशीर होत आहे.

या विद्येची किंमत

ही किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे; नाही तर इतिहास नुसता गौरवग्रंथ होतो. जुन्या पॅकिंगांत आणि दोऱ्यांत ॲसबेस्टॉस असे. वाळलेले पॅकिंग पात्याने खरवडताना उडणारी धूळ फुफ्फुसांत जाते. तिने फुफ्फुसांचे विकार आणि कर्करोग होतो, हे वैद्यकाने निःसंशय सिद्ध केले आहे. वापरलेले तेल जमिनीत मुरून पाणी बिघडविते. १९८९ च्या धोकादायक कचऱ्यासंबंधीच्या नियमांत टाकाऊ तेलाचा समावेश झाला. परंतु आपल्या रस्त्याकडेच्या मातीने ते नियम वाचलेले नाहीत.

आणि सर्वांत मोठी किंमत दिली ती मुलांनी. गॅरेजात पाने हातात देणारा, गाडीखाली अरुंद जागेत शिरणारा, चहा आणणारा जो ‘छोटू’ असतो, त्यास नाव असते, आणि ते नाव पूर्वी कोणत्या तरी शाळेच्या हजेरीपटावर होते. १९८६ मध्ये बालकामगारांविषयीचा कायदा झाला, २०१६ मध्ये तो अधिक कडक झाला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. कायद्यांमुळे फरक पडला, यात शंका नाही. तथापि प्रश्न संपलेला नाही.

दुसरी गळती

आपली मराठी भाषा कधी कधी आपल्यापेक्षा शहाणी असते. इंजिनातून तेल जाते त्यास आपण गळती म्हणतो, आणि शाळेतून मुले जातात त्यासही गळतीच म्हणतो. आजच्या व्याख्यानास हा विषय मी घेतला, त्याचे खरे कारण हा शब्द आहे.

शाळेच्या गळतीची आकडेवारी आपण दरवर्षी भरतो. मूल ज्या इयत्तेत दिसेनासे होते, त्या इयत्तेपुढे आकडा पडतो, आणि त्याच वर्गाच्या शिक्षकास जाब विचारला जातो. हे थेंब पडला तेथले पॅकिंग बदलण्यासारखे आहे. सातवीतून गेलेले मूल तिसरीतच वाचनात मागे पडलेले असते. ऊसतोडीसाठी किंवा मोठ्या शहरांतील बांधकामासाठी आईवडील हंगामात बाहेर पडतात, आणि मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. गावातील मराठी शाळा जेथे संपते, तेथून पुढचे शिक्षण दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या माध्यमात असते. त्या सांध्यावर किती मुले, विशेषतः किती मुली, गळतात, हे आपण पाहतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे सांगितले. तो सांधा कागदावर नीट जुळलेला आहे; प्राथमिकनंतरच्या सांध्याला पॅकिंगच नाही. आणि घरातील कर्ज, आजारपण, नापिकी हा जो आतला दाब, तो मोजल्याशिवाय वरून योजनांची सीले बसवीत गेलो, तर तीही टिकणार नाहीत.

म्हणून मिस्त्रीची रीत शाळेने उचलावी, असे मी सुचवितो. प्रथम स्वच्छता, म्हणजे हजेरीपट खरा ठेवणे. पटावर मूल आहे आणि वर्गात नाही, ही खपली आधी काढली पाहिजे. मग खडूची पूड, म्हणजे प्रत्येक मुलाची रेघ पहिलीपासून दिसेल अशी नोंद. मग उगमाकडे वर जाणे, आणि शेवटी घरातील दाबाची चौकशी. यास मोठा निधी लागत नाही. पाहण्याची सवय लागते.

माजी विद्यार्थ्यांना दोन विनंत्या आहेत. आपल्यापैकी अनेक जण परिवहन महामंडळात, ऑटोनगरात, स्वतःच्या गॅरेजात आयुष्य घालवून आज येथे पांढऱ्या कपड्यांत बसले आहेत. आपले शब्द, आपली हत्यारे, आपल्या युक्त्या सांगून ठेवा. शाळेतील मुले त्या लिहून घेतील. चामड्याचे एखादे जुने सील, हाताने कापलेले पॅकिंग, झिजलेला दंड प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवण्यास द्या. घर्षण, दाब आणि उष्णता हे धडे त्यांवरून जितके समजतील, तितके फळ्यावरील आकृतीवरून समजणार नाहीत. दुसरी विनंती अशी की, आपल्या गॅरेजात कामास आलेल्या मुलास पाना देण्यापूर्वी त्याची शाळा विचारा, आणि शाळेस कळवा. कारागिरी शिकण्यास वय आडवे येत नाही; अठराव्या वर्षी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेला मुलगाही उत्तम मिस्त्री होतो. दहाव्या वर्षी शाळेतून गेलेल्या मुलास मात्र परत येण्याची वाट फार अरुंद असते.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या पिढीतील शिक्षक गैरहजर मुलाच्या घरी सायंकाळी स्वतः जात. ते उगमाकडे जाणेच होते. त्या चालत जाण्याची परंपरा ही शाळा पुढे ठेवील, अशी आशा व्यक्त करतो.